ट्रान्झॅक्शनल मेल बाउन्स का होतात? निदानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राहकाला ओटीपी मिळत नाही, पावती मिळत नाही, पासवर्ड बदलायची लिंक मिळत नाही. ग्राहकाच्या एखाद्या कृतीनंतर आपोआप जाणारे असे मेल म्हणजे ट्रान्झॅक्शनल मेल. तुमच्या मेल पाठवणाऱ्या टूलच्या डॅशबोर्डवर मात्र लाल अक्षरांत 'बाउन्स्ड', म्हणजे मेल नाकारला गेला, एवढंच दिसतं. त्या एका शब्दामागे काय काय दडलेलं असू शकतं आणि ते कसं शोधून काढायचं, याची उत्तरं या पानावर आहेत. तुम्ही अमेझॉन एसईएस, पोस्टमार्क, सेंडग्रिड, मेलगन यांपैकी एखादी मेल पाठवणारी सेवा वापरत असा किंवा स्वतःच्या सर्व्हरवर पोस्टफिक्स हे मेल पाठवणारं सॉफ्टवेअर चालवत असा, निदानाची पद्धत फारशी बदलत नाही. बटणांची नावं तेवढी बदलतात.

सगळ्यात आधी काय पाहायचं?

समोरच्या सर्व्हरने दिलेलं मूळ उत्तर. टूलने त्यावर चिकटवलेलं लेबल नव्हे.

हा फरक छोटा वाटतो, पण चुकीच्या दिशेने केलेले बहुतेक तपास इथेच भरकटतात. समोरचा सर्व्हर मेल नाकारताना एक-दोन ओळींचं उत्तर देतो. टूल ते वाचतं आणि आपल्याकडच्या चार-पाच खणांपैकी एका खणात टाकतं. एसईएसचे खण 'पर्मनंट', 'ट्रान्झियंट' आणि 'अनडिटरमिन्ड' असे आहेत. सेंडग्रिड 'बाउन्स' आणि 'ब्लॉक' वेगळे धरतं, शिवाय 'ड्रॉप्ड' आणि 'डिफर्ड' आहेतच. मेलगन 'पर्मनंट' आणि 'टेम्पररी' अपयश म्हणतं. एकच नकार दोन टूलांत दोन वेगळ्या नावांनी दिसू शकतो. त्यामुळे 'हार्ड बाउन्स (कायमचा नकार) आलाय' एवढ्या माहितीवर कुणीही निदान सांगत असेल तर तो अंदाज आहे, असं समजा.

मूळ उत्तर बहुतेक टूलांत एखाद्या मेलच्या तपशिलात, 'रिस्पॉन्स', 'डिटेल्स' किंवा 'डायग्नॉस्टिक कोड' अशा नावाखाली सापडतं. तिथे नसेल तर वेबहुकमधून, म्हणजे टूल प्रत्येक घटनेची खबर तुमच्या सर्व्हरला आपोआप पाठवतं त्यातून, आलेल्या डेटात असतं. तिथेही नसेल, तर टूल बदलायचा विचार करायला हरकत नाही.

ते आकडे कसे वाचायचे?

उत्तरात साधारणपणे तीन भाग असतात: तीन अंकी कोड, टिंबांचा कोड आणि मग वाक्य. उदाहरणार्थ '५५० ५.१.१ युजर अननोन'.

तीन अंकी कोड एसएमटीपीच्या, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना मेल कसा द्यायचा त्या नियमांच्या, १९८२ सालच्या पहिल्या मानकापासून आहेत. आज चालतं ते २००८ सालचं आरएफसी ५३२१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज). पहिला अंक ४ असेल तर 'आत्ता नाही, नंतर या', ५ असेल तर 'नाही, पुन्हा येऊ नका'. टिंबांचा कोड आरएफसी ३४६३ मधला, २००३ सालचा, आणि निदानासाठी खरा उपयोग त्याचाच. त्याचा मधला अंक गोंधळ कुठे आहे ते सांगतो. १ म्हणजे पत्ता, २ म्हणजे मेलबॉक्स, ३ म्हणजे समोरची मेलयंत्रणा, ४ म्हणजे नेटवर्क आणि राउटिंग, ५ म्हणजे सर्व्हरांमधली बोलणी, ६ म्हणजे मजकूर, ७ म्हणजे सुरक्षा आणि धोरण.

व्यवहारात दोनच अंक सतत भेटतात: १ आणि ७. मधला अंक १ असेल तर चूक बहुधा पत्त्यात आहे, म्हणजे तुमच्या डेटाबेसमध्ये किंवा ग्राहकाच्या टायपिंगमध्ये. ७ असेल तर पत्ता कदाचित अगदी बरोबर आहे आणि आक्षेप तुमच्यावर आहे: तुमच्या डोमेनवर, आयपीवर (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावर) किंवा मजकुरावर.

एक सावधगिरी. सगळे सर्व्हर प्रामाणिक कोड देत नाहीत. काही ठिकाणी न सापडलेल्या पत्त्यालाही ५.७.१ मिळतो आणि काही ठिकाणी नुसता ५५० किंवा ५५४ मिळतो. अशा वेळी मागचं वाक्य वाचा. त्यात बरेचदा एखाद्या ब्लॉकलिस्टचं (बदनाम पाठवणाऱ्यांच्या यादीचं, हिलाच ब्लॅकलिस्टही म्हणतात) नाव असतं किंवा खुलाशाच्या पानाची लिंक असते. ती लिंक उघडायचा कंटाळा करू नका.

हार्ड बाउन्स म्हणजे पत्ता कायमचा बाद, बरोबर?

नाही. या समजुतीने जेवढं नुकसान होतं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल.

५ ने सुरू होणारा कोड एवढंच सांगतो की हा मेल, या रूपात, पुन्हा पाठवून उपयोग नाही. पत्ता अस्तित्वात नाही, असं तो सांगत नाही. जीमेलचा '५५० ५.७.२६' घ्या. तो पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही म्हणून येतो. समजा, डीएनएस (डोमेनच्या नोंदी ठेवणारी यंत्रणा) दुसरीकडे हलवताना तुमची डीकिमची (मेलवरची डिजिटल सही पडताळण्याची) नोंद राहून गेली. दोन-तीन तास जीमेलने तुमचे मेल नाकारले. टूलने प्रत्येक नकार 'पर्मनंट' म्हणून मोजला आणि त्या तासांत ज्यांना ज्यांना मेल गेला ते सगळे धडधाकट पत्ते सप्रेशन लिस्टमध्ये (ज्यांना मेल पाठवायचा नाही अशा पत्त्यांच्या यादीत) टाकले. तुम्ही नोंद दुरुस्त केलीत, डॅशबोर्ड हिरवा झाला आणि सगळे निश्चिंत झाले. ते ग्राहक मात्र पुढचे कित्येक महिने पासवर्ड बदलू शकत नाहीत, कारण तुमचं टूल त्यांना मेल पाठवतच नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसा हा प्रकार.

म्हणून पत्ता आपोआप बंद करण्याचा नियम कोडच्या वर्गावर नव्हे, नेमक्या कारणावर ठेवा. ५.१.१ किंवा ५.१.१० आला तर बंद करा. ५.७ ने सुरू होणारं काहीही आलं तर पत्ता राहू द्या आणि तुमच्या टीमला अलर्ट जाऊ द्या. टूल हा नियम बदलू देत नसेल, तर निदान अशा घटनेनंतर त्या वेळेतले बाउन्स मूळ उत्तराच्या मजकुरावरून गाळून घ्या आणि ओळखीच्या कारणाने अडकलेले पत्ते एकगठ्ठा सोडवा. त्याच वेळेत ५.१.१ ने आलेले मात्र सोडवू नका, ते खरोखरच बाद आहेत.

टूल 'ड्रॉप्ड' किंवा 'सप्रेस्ड' म्हणतंय. हा कसला बाउन्स?

हा बाउन्सच नाही. मेल तुमच्या सेवेच्या बाहेर पडलेलाच नाही. आधी कधीतरी या पत्त्यावर बाउन्स किंवा स्पॅमची तक्रार आली होती, म्हणून टूलने यावेळी समोरच्या सर्व्हरचं दार ठोठावलंच नाही. काही टूल याचीही गणना बाउन्स म्हणूनच करतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. एसईएसमध्ये अशा नोंदीचा उपप्रकार तपासला की फरक कळतो.

'कालपर्यंत मेल येत होते, आज येत नाहीत' आणि 'कधीच येत नाहीत' या दोन्ही तक्रारींत ही यादी पहिल्या पाच मिनिटांत तपासा. सपोर्टवरचा माणूस 'पुन्हा पाठवा' बटण दहा वेळा दाबतो, ग्राहक दहा वेळा स्पॅम फोल्डर पाहतो आणि मेल मात्र दहाही वेळा घरातच अडलेला असतो. सपोर्टच्या स्क्रीनवर ग्राहकाच्या पत्त्याशेजारी 'हा पत्ता सप्रेस्ड आहे, या तारखेपासून, या कारणाने' एवढी ओळ दाखवली तरी निम्मी डोकेदुखी जाते.

यादीतून पत्ता काढण्याआधी कारण पाहा. बाउन्समुळे गेला असेल आणि ग्राहक आता तोच पत्ता चालू असल्याचं सांगत असेल, तर काढा. स्पॅमच्या तक्रारीमुळे गेला असेल, तर ग्राहकाने स्वतः मागितल्याशिवाय काढू नका.

४ ने सुरू होणारे कोड दुर्लक्षित केले तर चालतील?

पावतीसाठी चालतील, ओटीपीसाठी नाही.

४ चा कोड आला की पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. आरएफसी ५३२१ च्या सल्ल्यानुसार दोन प्रयत्नांत निदान ३० मिनिटांचं अंतर असावं आणि साधारण ४ ते ५ दिवस प्रयत्न चालू ठेवावेत. पोस्टफिक्सची मूळ मुदत ५ दिवसांची आहे, पहिला पुनर्प्रयत्न मात्र तो ५ मिनिटांच्या आसपास करतो. सेंडग्रिड ७२ तास प्रयत्न करतं. दहा मिनिटांत बाद होणाऱ्या ओटीपीसाठी हे सगळे आकडे निरर्थक आहेत. उलट दुसऱ्या दिवशी जुना ओटीपी पोहोचला की ग्राहक घाबरून सपोर्टला विचारतो, 'माझं खातं कुणी उघडतंय का?'

म्हणून मेलच्या प्रकारानुसार मुदत वेगळी ठेवा. टूलमध्ये तशी सोय असेल तर उत्तम. पोस्टफिक्समध्ये रांगेची मुदत अख्ख्या इन्स्टन्सला (चालू असलेल्या एका प्रतीला) लागू होते, तेव्हा ओटीपीसाठी वेगळा इन्स्टन्स उभा करावा लागतो. आणि निदान करताना 'शेवटी पोहोचला' या एका खुणेवर समाधान मानू नका. किती वेळाने पोहोचला ते पाहा.

'ग्रेलिस्टेड' असं उत्तर येतं. आम्ही काय चूक केली?

काहीच नाही. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा मुद्दाम ४५० किंवा ४५१ देऊन परत पाठवतात. खरा मेल सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा येतो, घाईतला स्पॅमर येत नाही, असा त्यामागचा हिशेब. ओळख पटवण्यासाठी ते तीन गोष्टी लक्षात ठेवतात: पाठवणारा आयपी, एन्व्हलपवरचा पाठवणारा पत्ता (सर्व्हर आपापसांत सांगतात तो, ग्राहकाला दिसणारा नव्हे) आणि घेणाऱ्याचा पत्ता.

अडचण येते ती यातलं काहीतरी दरवेळी बदलत असेल तर. तुमची सेवा आयपींच्या ताफ्यातून पाठवत असेल आणि दुसरा प्रयत्न वेगळ्या आयपीवरून झाला, तर घड्याळ पुन्हा शून्यावर. तसंच, बाउन्स ओळखता यावेत म्हणून प्रत्येक मेलला वेगळा रिटर्न-पाथ, म्हणजे हाच एन्व्हलपवरचा पत्ता, देत असाल, तर त्या ग्राहकाला पाठवलेला प्रत्येक नवा मेल समोरच्यासाठी 'नवा पाठवणारा' ठरू शकतो आणि दरवेळी अडू शकतो. एकाच कंपनीच्या लोकांना तुमचे मेल कायम काही मिनिटं उशिरा मिळत असतील, तर आधी हे तपासा.

मेलबॉक्स भरलेला असेल तर?

'४५२ ४.२.२' किंवा '५५२ ५.२.२' असं काहीतरी येतं. ग्राहकाला दुसऱ्या मार्गाने कळवणं एवढंच तुमच्या हातात आहे. 'माझ्या इनबॉक्समध्ये तर मेलच नाहीत' असं तो म्हणाला तरी खोटं बोलत नसतो. जीमेलची फुकट मिळणारी १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोज यांच्यातही वाटलेली असते, आणि फोटोंनी ती भरली की मेल थांबतात.

फक्त जीमेल आणि आउटलुकवरच सगळे मेल नाकारले जातायत. बाकी ठीक आहे.

बहुधा एसपीएफ, डीकिम किंवा डीमार्क. पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या या डीएनएसमधल्या नोंदी. एसपीएफ म्हणजे तुमच्या डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्यांची यादी, डीकिम म्हणजे मेलवरची सही आणि डीमार्क म्हणजे ओळख पटली नाही तर काय करायचं याचं धोरण. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे निदान एसपीएफ किंवा डीकिम हवं. दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल वैयक्तिक जीमेल खात्यांना जात असतील तर तिन्ही हवीत. ही मोजणी मुख्य डोमेनवर होते, त्यामुळे मार्केटिंगचं उपडोमेन आणि ओटीपीचं उपडोमेन यांचे आकडे एकत्र धरले जातात. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ पासून आउटलुक, हॉटमेल आणि लाइव्ह या पत्त्यांसाठी मोठ्या पाठवणाऱ्यांवर तसेच नियम लावले. त्यांचा नकार '५५० ५.७.५१५' असा येतो.

तपासाचा सोपा मार्ग असा. जो मेल अडतो तोच टेम्प्लेट, त्याच मार्गाने, तो स्वीकारणाऱ्या तुमच्या एखाद्या दुसऱ्या मेलबॉक्सवर पाठवा. मूळ स्रोत उघडून 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' हे हेडर वाचा. तिथे तिघांचाही निकाल स्वच्छ लिहिलेला असतो. साधारणपणे यातलं एक सापडतं:

एसपीएफमध्ये नवी सेवा जोडली आणि डीएनएस चौकशांची १० ची मर्यादा ओलांडली गेली. मग निकाल 'पर्मएरर' (कायमची चूक) येतो आणि आधी चालणाऱ्या सेवाही पडतात. किंवा कुणीतरी जुनी नोंद न बदलता दुसरी एसपीएफ नोंद टाकली. एका डोमेनला दोन असल्या की तोच निकाल.

डीकिमची २०४८ बिटची चावी डीएनएसच्या एका तुकड्यात मावत नाही, कारण एका तुकड्याला २५५ अक्षरांची मर्यादा आहे. ती तोडून लिहावी लागते, आणि तोडताना एखादं अवतरणचिन्ह किंवा जागा चुकते.

आणि सगळ्यांत फसवा प्रकार: एसपीएफ 'पास' दिसतं, तरी डीमार्क 'फेल'. कारण एसपीएफ तपासलं गेलं ते रिटर्न-पाथमधल्या डोमेनवर, आणि ते डोमेन तुमच्या सेवेचं आहे, तुमचं नाही. ग्राहकाला 'फ्रॉम'मध्ये दिसणारं डोमेन त्याच्याशी जुळत नाही. सेवेत स्वतःचा रिटर्न-पाथ उपडोमेन म्हणून बसवा किंवा डीकिमची सही तुमच्या डोमेनच्या नावाने करा. दोन्ही केलंत तर बरं, कारण मेल पुढे फॉरवर्ड झाला की एसपीएफ बहुतेक वेळा तुटतं आणि डीकिमच आधाराला उरतं.

ओटीपीच्या मेलमध्येही 'अनसबस्क्राइब'ची लिंक टाकावी लागेल का?

नाही. एका क्लिकच्या अनसबस्क्राइबची अट मार्केटिंगच्या आणि वर्गणीच्या मेलांना आहे. पण ओटीपीच्या खाली 'आमच्या नव्या ऑफर पाहा' असा पट्टा टाकायचा मोह होत असेल, तर तो आवरा. ट्रान्झॅक्शनल मेल आणि मार्केटिंग यांची सरमिसळ झाली की तक्रारी वाढतात आणि फटका ओटीपीला बसतो.

स्वतःच्या सर्व्हरवरून पाठवतो. कधी जातो, कधी बाउन्स होतो. नियमच सापडत नाही.

लॉगमध्ये गेलेले आणि न गेलेले मेल वेगळे करा आणि प्रत्येक मेल आयपीव्ही४ वरून गेला की आयपीव्ही६ वरून (आयपी पत्त्यांच्या या जुन्या आणि नव्या पद्धती), ते पाहा. होस्टिंगवाल्याने सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ता दिलेला असतो आणि त्याची उलटी डीएनएस नोंद, म्हणजे पीटीआर, कुणी केलेलीच नसते. पोस्टफिक्स कधी या रस्त्याने जातो, कधी त्या. जीमेल पीटीआर नसलेल्या पत्त्याला '५५० ५.७.२५' देऊन परत पाठवतं. नोंद करून घ्या, आणि तीच नोंद सरळ बाजूने पाहिली तरी त्याच आयपीवर पोहोचते याची खात्री करा. तोवर पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगता येतं.

एकही मेल कुठेच जात नसेल आणि लॉगमध्ये सगळीकडे 'कनेक्शन टाइम्ड आउट' असेल, तर तो बाउन्सचा प्रश्नच नाही. अनेक क्लाउड कंपन्या बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद ठेवतात. त्यांना विनंती करा किंवा ५८७ पोर्टवरून एखाद्या रिले सेवेमार्फत (तुमचे मेल पुढे पोहोचवणाऱ्या सेवेमार्फत) पाठवा.

पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये 'डिलेज' पुढे चार आकडे असतात. ते कशाचे?

पहिला, मेल रांगेच्या व्यवस्थापकाकडे येईपर्यंत लागलेला वेळ. दुसरा, त्याच्याकडे पडून राहिलेला वेळ. तिसरा, समोरच्याशी जोडणी व्हायला लागलेला वेळ, डीएनएस आणि टीएलएस (जोडणी सुरक्षित करणं) धरून. चौथा, प्रत्यक्ष पाठवायला लागलेला. 'मेल उशिरा जातोय' या तक्रारीत दोष कुणाचा, हे या चार आकड्यांत उघड होतं. दुसरा मोठा असेल तर तुमचीच रांग तुंबली आहे. तिसरा किंवा चौथा मोठा असेल तर नजर समोरच्या सर्व्हरकडे आणि मधल्या नेटवर्ककडे वळवा.

एका टूलने सांगितलं की आमचा आयपी सात ब्लॅकलिस्टवर आहे!

घाबरू नका, आणि सातही ठिकाणी अर्ज करत बसू नका. ते साप म्हणून भुई धोपटणं होईल. ज्या यादीचं नाव तुमच्या बाउन्सच्या मूळ उत्तरात आलं आहे, तीच महत्त्वाची. पुष्कळ छोट्या याद्या कुठलाही मोठा मेलपुरवठादार वापरत नाही.

स्पॅमहाउस या ब्लॉकलिस्ट चालवणाऱ्या संस्थेचं नाव आलं तर मात्र लक्ष द्या, आणि त्यातही कुठली यादी ते वाचा. पीबीएल हा आरोप नाही. ज्या आयपींवरून थेट मेल जाणं अपेक्षित नाही, जसे घरगुती जोडण्यांचे, त्यांची ती यादी आहे. एक्सबीएलमध्ये नाव असेल तर तुमच्या यंत्रात मालवेअर असण्याची शक्यता आहे, आधी ते साफ करा. डीबीएल आयपीची नव्हे, डोमेनांची यादी आहे. मेलमधली एखादी लिंकही तिथे अडकवू शकते.

आणखी एक गंमत. स्पॅमहाउसला सार्वजनिक डीएनएस रिझॉल्व्हरमार्फत (डीएनएसच्या नोंदी शोधून देणाऱ्या, सगळ्यांना खुल्या सर्व्हरमार्फत) विचारलं तर तिथून १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर येतं. त्याचा अर्थ 'अशा मार्गाने विचारू नका' एवढाच. पण बेफिकीरपणे लिहिलेली टूलं कुठलंही उत्तर म्हणजे 'यादीत आहे' असं धरतात. समोरच्या मेल सर्व्हरनेही हीच चूक केली असेल तर तुमचा निर्दोष मेल परत येतो, आणि त्याचा इलाज त्यांच्याकडेच असतो.

डॅशबोर्ड 'डिलिव्हर्ड' म्हणतोय, ग्राहक म्हणतो मेल आला नाही. खरं कोण?

बहुधा दोघेही. 'डिलिव्हर्ड' म्हणजे समोरच्या सर्व्हरने २५०, म्हणजे 'स्वीकारला', असं सांगून मेल ताब्यात घेतला. पुढे तो इनबॉक्समध्ये गेला, स्पॅममध्ये गेला, कंपनीच्या क्वारंटाइनमध्ये (संशयित मेल रोखून ठेवतात तिथे) अडला की ग्राहकाच्याच एखाद्या जुन्या नियमाने हलवला, हे तुम्हाला कळत नाही. मात्र त्या २५० च्या ओळीत बरेचदा समोरच्या सर्व्हरचा रांगक्रमांक असतो. तो ग्राहकाच्या आयटी विभागाला द्या, त्यांना त्यांच्या लॉगमध्ये मेल एका मिनिटात सापडेल.

दुसरी शक्यता उशिरा येणाऱ्या बाउन्सची. काही सर्व्हर आधी मेल घेतात आणि नंतर नकाराचा वेगळा मेल पाठवतात. तो जातो रिटर्न-पाथच्या पत्त्यावर. तिथे कुणी वाचत नसलेला 'नो-रिप्लाय' असेल तर तो बाउन्स तुम्हाला कधीच दिसणार नाही. या मेलांचा एन्व्हलपवरचा पाठवणारा रिकामा असतो, म्हणजे कंसात काहीच नाही. बाउन्सला बाउन्स जाऊन चक्र सुरू होऊ नये म्हणून तशी रचना आहे. तुमचा सर्व्हर 'रिकामा पाठवणारा नको' अशा उत्साही नियमाने ते नाकारत असेल, तर नियम काढा. त्या मेलमध्ये यंत्राला वाचता येईल असा भाग असतो. त्यातल्या 'स्टेटस', 'डायग्नॉस्टिक-कोड' आणि 'फायनल-रेसिपियंट' या तीन ओळी पुरतात. शेवटची ओळ खास पाहा, कारण मेल फॉरवर्ड झालेला असेल तर बाउन्स झालेला पत्ता तुमच्या यादीत नसलेला भलताच असतो.

आम्ही न पाठवलेल्या मेलांचे बाउन्स येतायत.

कुणीतरी तुमचा पत्ता पाठवणारा म्हणून लावून स्पॅम पाठवतोय. खातं हॅक झालेलं नाही ना, एवढं लॉगवरून तपासा, आणि डीमार्कचं धोरण 'नन'वरून (म्हणजे 'काही कारवाई नको') टप्प्याटप्प्याने कडक करत न्या.

जुन्या, नेहमीच्या ग्राहकांचे पत्ते अचानक ५.१.१ का देऊ लागले?

गुगलने दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून काढून टाकायला सुरुवात केली. कंपनीचे पत्ते नोकरी सुटली की बंद होतात. हे बाउन्स खरे आहेत, ते माना आणि ग्राहक पुढच्या वेळी लॉगिन करेल तेव्हा नवा पत्ता मागा.

इथे सुरक्षेचाही प्रश्न आहे. याहूने २०१३ मध्ये पडून असलेले पत्ते नव्या लोकांना द्यायला सुरुवात केली, तेव्हा जुन्या मालकांच्या खात्यांचे मेल परक्यांच्या हाती जाण्याची भीती उभी राहिली. त्यावर उपाय म्हणून २०१४ मध्ये आरएफसी ७२९३ आलं. म्हणून ५.१.१ नंतर बऱ्याच काळाने तोच पत्ता पुन्हा 'जिवंत' झाला, तर त्यावर पासवर्ड बदलायची लिंक बिनदिक्कत पाठवू नका. आधी दुसऱ्या मार्गाने ओळख पटवा.

टायपिंगच्या चुका आधीच पकडता येतील का?

काही प्रमाणात. '.कॉम'च्या जागी '.कॉन' पडलं तर डोमेनच सापडत नाही. काही डोमेन मेल घेतच नाहीत आणि तसं डीएनएसमध्ये जाहीर करतात. त्याला नल एमएक्स म्हणतात आणि बाउन्स ५.१.१० असा येतो. धोका आहे तो जवळपास सारख्या दिसणाऱ्या, पण कुणीतरी मुद्दाम घेऊन ठेवलेल्या डोमेनांचा. तिथे मेल बाउन्स होतच नाही, गुपचूप स्वीकारला जातो. फॉर्ममध्ये 'तुम्हाला असं म्हणायचंय का?' असं विचारा, पण स्वतःहून दुरुस्ती करू नका. पहिल्या मेलमधल्या लिंकने पत्ता पडताळेपर्यंत त्यावर पावत्या पाठवू नका.

मेल न पाठवता नुसती समोरच्या सर्व्हरला 'हा पत्ता आहे का?' अशी चौकशी करणारी टूलं असतात. अनेक सर्व्हर कुठल्याही पत्त्याला हो म्हणतात, आणि अशा चौकश्या वाढल्या की तुमच्याच आयपीचं नाव खराब होतं.

बाउन्सचं प्रमाण किती असलेलं चालतं?

एसईएस ५ टक्क्यांना खातं तपासणीखाली घेतं आणि १० टक्क्यांना पाठवणं थांबवू शकतं. पण एकूण टक्केवारी फसवी असते. ती डोमेननुसार आणि टेम्प्लेटनुसार फोडून पाहा. एकाच डोमेनचे बाउन्स वाढले असतील तर वाद त्या पुरवठादाराशी आहे. फक्त 'स्वागत' मेलचे वाढले असतील, तर बहुधा कुणीतरी बॉट लावून तुमच्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये खोटे पत्ते ओततोय. तिथे मेलचं टूल नव्हे, फॉर्म दुरुस्त करावा लागतो.

वेबहुकमधून आलेलं काय साठवायचं?

मूळ उत्तर जसंच्या तसं, आणि त्याच्याबरोबर मेसेज आयडी, मेलचा प्रकार, वेळ आणि पाठवणारा आयपी. टूलचं लेबल वेगळ्या रकान्यात. घटना क्रमाने येतील असं धरू नका: 'डिलिव्हर्ड' नंतर 'बाउन्स' येऊ शकतो, आणि एकच घटना दोनदाही. पुष्कळ सेवा हा तपशील मर्यादित दिवसच ठेवतात, तेव्हा 'गरज पडेल तेव्हा डॅशबोर्डवर बघू' हे धोरण तक्रार उशिरा आली की तोंडघशी पाडतं.

बाउन्स हाताळणारा कोड तपासायला खोट्या पत्त्यांवर मेल पाठवू का?

नको, ते तुमच्या खऱ्या प्रमाणात मोजले जातील. एसईएसकडे त्यासाठी सिम्युलेटरचे पत्ते आहेत. बाउन्स, तक्रार, सप्रेशन असं हवं ते नाटक ते करून दाखवतात आणि तुमच्या टक्केवारीला धक्का लागत नाही. इतर सेवांच्या मदतपानांवर तशी सोय शोधा. स्वतःच्या सर्व्हरसाठी 'स्वाक्स' हे कमांड लाइनचं टूल उत्तम. समोरच्याशी झालेला संवाद ते ओळीगणिक दाखवतं, आणि नेमक्या कुठल्या ओळीवर बोलणं फिसकटलं ते कळतं.

आमच्या सेवेच्या सपोर्टला किंवा समोरच्या पोस्टमास्टरला (त्यांचा मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याला) लिहायचं आहे. काय काय द्यायचं?

पूर्ण मूळ उत्तर, स्क्रीनशॉट नव्हे तर मजकूर म्हणून. पाठवल्याची वेळ टाइमझोनसह, कारण त्यांचे लॉग बहुधा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असतात. मेसेज आयडी, पाठवणारा आयपी, 'फ्रॉम' आणि रिटर्न-पाथ दोन्ही पत्ते, आणि घेणाऱ्याचा पत्ता. एकच उदाहरण देऊ नका, दोन-तीन द्या, आणि त्याच काळात त्याच डोमेनवर पोहोचलेला एखादा मेलही जोडा. ओटीपीचा आकडा किंवा पासवर्डची लिंक मजकुरातून काढून टाकायला विसरू नका.